मुलाला आमच्याकडे आणण्याआधी
सांगली-मिरज परिसरातील पालकांसाठी

आम्ही मुलांच्या मनातल्या भीतीवर, ताणावर बोलण्यातून आणि खेळातून उपचार करतो. पहिल्या भेटीला शक्यतो आई-वडील दोघंच या. मूल आजी-आजोबांकडे वाढत असेल, तर त्यांनाही आणा. झोप, जेवण, शाळा, घरात अलीकडे काय बदललं, हे मुलासमोर बोललं की त्याला तो तक्रारींचा पाढा वाटतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना मात्र पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. त्यांच्यामागे ठरवलेलं त्यांना खपत नाही.

शाळेच्या वेळेलाच पोट दुखत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तपासण्या ठीक आल्या तरी ‘नाटक करतोय’ म्हणू नका. भीतीनं पोट खरंच दुखतं.

लहान मुलं इथे बाहुल्या, माती, रंग घेऊन खेळतात. तो वेळ वाया जात नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला भीती बऱ्याचदा शब्दांत सांगता येत नाही, खेळात ती आपोआप उतरते. मोठ्या मुलांसोबत आम्ही भीतीचे लहान लहान टप्पे पाडतो. २०१९ च्या महापुरात घर सोडावं लागलेल्या मुलाला आयर्विन पुलाजवळचं पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की झोप लागत नसेल, तर आधी नदीचा फोटो, मग उन्हाळ्यात घाटावर चक्कर, मग पावसाळ्यात लांबूनच पाणी पाहणं. घाई केली की भीती वाढते.

भेट आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटांची. परत जाताना गाडीवर ‘आज काय बोललास?’ विचारू नका, ही आमची कळकळीची विनंती. मूल काय बोललं ते आम्हीही तुम्हाला शब्दशः सांगणार नाही. सुधारणा किती आणि घरी काय करायचं, ते सांगू. जिवाला धोका असेल, तर मात्र लगेच कळवू. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं, बंधनकारकच आहे. हे अपवाद आम्ही मुलालाही पहिल्याच दिवशी सांगतो.

औषधं आम्ही देत नाही. गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. गोळ्या आणि आमच्या भेटी बरोबरीनं चालू शकतात.

मूल मरणाची भाषा करत असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, थेट रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि उसाचं तणनाशक, द्राक्षबागेची फवारणीची औषधं आजच कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ.