आन्स्की, एस.

आन्स्की, एस. : (१८६३ – ८ नोव्हेंबर १९२०). यिद्दिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) नाटककार व ज्यू लोकसाहित्याचे संग्राहक. मूळ नाव श्लोयमे झान्वल रापोपोर्ट. जन्म चाश्निकी (आता बेलारूसमध्ये) येथे. बालपण वितेब्स्क शहरात गेले. तरुणपणी घरच्या धर्मपरंपरेकडे पाठ फिरवून ते रशियन श्रमिकांत मिसळले, खाणीत राबले आणि रशियनमध्ये लिहू लागले. पॅरिसमध्ये क्रांतिकारक विचारवंत प्योत्र लाव्रोव्ह यांचे ते चिटणीस होते. ‘बुंद’ या ज्यू कामगार पक्षाचे गीतही (१९०२) त्यांचेच.

रशियात परतल्यावर मात्र ते सोडलेल्या परंपरेकडेच वळले, पण श्रद्धाळू म्हणून नव्हे, संग्राहक म्हणून. १९१२ ते १९१४ या काळात व्होल्हिनिया व पोडोलिया (आता मुख्यतः युक्रेनमध्ये) भागांतील ज्यू वस्त्यांत फिरून त्यांच्या पथकाने कथा, गाणी, तोडगे गोळा केले. फोनोग्राफवर आवाज मुद्रित केले, छायाचित्रे काढली. त्यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीत २,०८७ प्रश्न होते. ती जन्मापासून सुरू होऊन मरणोत्तर अवस्थेपर्यंत जाते. महायुद्धाने हे काम थांबले.

दिब्बुक हे त्यांचे नाटक याच सामग्रीवर उभे आहे. दिब्बुक म्हणजे जिवंत माणसाच्या अंगात शिरलेला मृतात्मा. गरीब विद्यार्थी खोनेन प्रेमभंगाने मरतो आणि त्याची प्रेयसी लेआ हिच्या लग्नाच्या दिवशी तिच्या शरीरात प्रवेश करतो. ही निव्वळ भुताची गोष्ट नव्हे. मिरोपोल गावच्या रब्बींपुढे (ज्यू धर्मगुरूंपुढे) खोनेनचा मृत बाप लेआच्या बापावर दावा लावतो: मुले जन्मण्याआधी दोघा मित्रांनी सोयरीक ठरवली होती, ती श्रीमंत स्थळांच्या शोधात मोडली गेली. निवाडा होतो, आत्मा बाहेर निघतो; तरीही लेआ खोनेनचीच वाट धरते. मृताची कैफियत न्यायासनासमोर गांभीर्याने ऐकली जाणे, हा नाटकाचा खरा कणा.

नाटक आधी रशियनमध्ये लिहिले गेले. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांनी त्यात रस घेतला, पण प्रयोग झाला नाही. कवी ब्यालिक यांचे हिब्रू भाषांतर १९१८ मध्ये छापले गेले.

लेखकाला प्रयोग पाहता आला नाही. वॉर्साजवळील ओत्वोत्स्क येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभराने, ९ डिसेंबर १९२० रोजी, व्हिल्ना नाटकमंडळीने वॉर्सात यिद्दिश प्रयोग केला. १९२२ मध्ये हबीमा या हिब्रू नाट्यसंस्थेने मॉस्कोत तो हिब्रूत सादर केला. हाना रोव्हिना लेआ झाल्या होत्या. दिग्दर्शक व्हाख्तांगोव्ह यांना हिब्रू येत नव्हती, तरी त्यांनी बसवलेला भिकाऱ्यांचा नाच गाजला. पोलंडमध्ये १९३७ साली नाटकावर यिद्दिश चित्रपटही निघाला.