टेक्सासचा नाद आणि टेक्सासची घाण

भाच्याने फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून टी-शर्ट आणला. छातीवर ‘डोन्ट मेस विथ टेक्सास’. तोच घालून परवा लोकलच्या दारातून त्याने वेफर्सचं रिकामं पाकीट रुळांवर भिरकावलं. म्हटलं, छातीवर काय लिहिलंय ते कळतं का? ‘मामा, नाद करायचा नाय!’

अर्थ चुकला असं नाही, पण तो अर्धाच. ‘मेस’ म्हणजे पसारा, घाण; ‘मेस विथ’ म्हणजे एखाद्याच्या वाट्याला जाणं. हे वाक्य जन्मलं घाणीपायी. 1985 च्या सुमारास टेक्सासचं महामार्ग खातं रस्त्यांवरचा कचरा उचलायला वर्षाला जवळपास 2 कोटी डॉलर मोजत होतं. कचरा टाकणाऱ्यांत भरणा तरुण पुरुषांचा. ‘कृपया’ म्हटलेलं ते कसले ऐकतात! राज्याचा अभिमान मात्र ओसंडून वाहणारा. ऑस्टिनच्या जाहिरात कंपनीतल्या टिम मॅक्लूअरने नेमकी ती नस धरली आणि विनंतीला दमाचा सूर दिला. आधी नुसते बंपर स्टिकर वाटले. मग 1986 च्या 1 जानेवारीला, अमेरिकन फुटबॉलच्या कॉटन बोल सामन्याच्या वेळी, गिटारवादक स्टीव्ही रे वॉनची जाहिरात टीव्हीवर आली. 1987 ते 1990 या काळात हायवेवरचा कचरा 72 टक्क्यांनी घटला, असं या मोहिमेचं श्रेय सांगितलं जातं.

तेच वाक्य पुढे नुसतीच फुशारकी होऊन बसलं. अक्षरं तीच, कचरा गायब. अमेरिकी नौदलाच्या ‘टेक्सास’ पाणबुडीचंही हेच ब्रीद. तिथे सफाईचा काय संबंध? गंमत म्हणजे ट्रेडमार्क अजून टेक्सासच्या परिवहन खात्याकडे आहे आणि विनापरवाना छापणाऱ्यांना ते नोटिसा धाडतं. फॅशन स्ट्रीटपर्यंत काही त्या पोचायच्या नाहीत.

आपल्याकडे ‘येथे थुंकू नये’ची पाटीच पिचकाऱ्यांनी रंगते. त्यापेक्षा जिन्याच्या कोपऱ्यात साईबाबांची टाइल बसवणारा सोसायटीचा सेक्रेटरी मॅक्लूअरच्या जातकुळीतला. माणूस कशापुढे वरमतो, हे त्याला ठाऊक असतं.

घाण आणि दम एकाच शब्दात बसवणारं मराठी मला काही सुचेना. भाचा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, ‘मुंबईची वाट लावायची नाय.’ वाट म्हणजे रस्ताही, हे त्याच्या ध्यानात होतं की नाही, कोण जाणे.