स्वभाव

स्वभाव : माणसाच्या, प्राण्याच्या किंवा वस्तूच्या ठायी उपजत असलेला कल. ‘स्व’ (आपला) आणि ‘भाव’ (असणे) मिळून हा संस्कृत शब्द झाला आहे. म्हणजे मुळात तो मनापुरता नव्हता. विस्तवाची उष्णता आणि पाण्याचे उताराकडे वाहणे हेही स्वभावच.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात संसिद्धी, प्रकृती, स्वरूप, स्वभाव आणि निसर्ग हे शब्द समानार्थी म्हणून एकत्र दिले आहेत. मराठीने मात्र त्यांची वाटणी करून टाकली. निसर्ग रानावनात गेला. प्रकृती शरीराकडे आली, म्हणून ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारले की आपण तब्येतीबद्दल सांगतो. स्वभाव मनाकडे राहिला आणि निर्जीव वस्तूंसाठी ‘गुणधर्म’ हा शब्द रुळला. जुना विस्तार ‘स्वाभाविक’ या विशेषणात अजून टिकून आहे : राग येणे स्वाभाविक, तसेच लोखंड गंजणेही स्वाभाविक.

या शब्दावरून भारतीय दर्शनांत (तत्त्वज्ञानाच्या परंपरांत) मोठा वाद झाला. श्वेताश्वतर उपनिषदात जगाच्या कारणांचा विचार करताना काळ, नियती, यदृच्छा (योगायोग) यांच्या पंक्तीत स्वभावाचेही नाव येते. जग आपल्या स्वभावानेच चालते, त्याला कर्ता लागत नाही, हा स्वभाववाद. चार्वाकांच्या जडवादी मताशी त्याचा संबंध जोडला जातो. गीतेत ‘स्वभावस्तु प्रवर्तते’ (स्वभावच सारे घडवतो; ५.१४) असे म्हटले आहे, तर अठराव्या अध्यायात कर्माची विभागणीच स्वभावावर बेतली आहे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने उलट टोक गाठले : जे जे इतर कारणांवर अवलंबून आहे, त्याला स्वतःचा असा स्वभाव असूच शकत नाही. काव्यशास्त्रात वस्तूचे हुबेहूब वर्णन म्हणजे स्वभावोक्ती. संस्कृत काव्यशास्त्रकारांपैकी दंडीने तिला अलंकार मानले, कुंतकाने नाकारले.

बोलण्यात स्वभाव आणि सवय यांची गल्लत होते, पण क्रियापदे फरक दाखवतात. सवय लागते, जडते, मोडते; स्वभाव असतो, कळतो, जुळतो. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण तो बदलत नाही असे धरून चालते. तरीही ‘आजारपणानंतर त्यांचा स्वभावच बदलला’ हे वाक्य मराठी माणसाला खटकत नाही. ‘प्रवृत्ती’ याहून वेगळी : ती एका दिशेची ओढ असते. बचत करण्याची प्रवृत्ती म्हणतात, पण भित्रा, तापट, मनमिळाऊ असतो तो स्वभाव.