वाचक लेखक होतो? कसला होतो!

हायपरटेक्स्ट (म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या तुकड्यांची, संगणकावर वाचायची संहिता) आलं आणि लेखकाची सद्दी संपली, आता वाचकच कथा रचतो, हे पालुपद १९९०च्या दशकापासून चालू आहे. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज लँडो यांच्या १९९२च्या 'हायपरटेक्स्ट' या पुस्तकानं त्याला चांगलंच बळ दिलं.

आता अमेरिकी लेखक मायकल जॉइस यांची 'आफ्टरनून, अ स्टोरी' बघा. १९८७ची, या प्रकारातली आद्य मानली जाणारी कथा. पाचशेहून जास्त तुकडे. शब्दावर क्लिक केलं की पुढचा तुकडा येतो. पण कोणत्या शब्दाला दुवा आहे, हे पडद्यावर दिसतच नाही. वर काही दुव्यांना जॉइस यांनी अट घातलेली: आधी अमुक तुकडा वाचला असेल, तरच हा उघडेल. निवेदकानं सकाळी पाहिलेला अपघात त्याच्याच मुलाचा होता का, हे शोधत वाचक गोल गोल फिरतो. फिरवणारा कोण? लेखकच! छापील कादंबरीत निदान शेवटचं पान आधी वाचायची सोय असते.

नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेट यांनी १९९७च्या 'सायबरटेक्स्ट' या पुस्तकात ही गल्लत नेमकी पकडली. अशा संहितेत वाचकाला खरोखर राबावं लागतं, हे त्यांना मान्यच आहे. पण वाट निवडणं म्हणजे लेखन नव्हे.