स्थानिक डेटाबेस, मोबाइल ॲपमधील

मोबाइल ॲपच्या प्रक्रियेतच चालणारा आणि माहिती फोनच्या साठ्यावर ठेवणारा डेटाबेस. यास अंतःस्थापित विदागार असेही म्हणतात. सर्व्हरवरील डेटाबेसप्रमाणे याला स्वतंत्र प्रोग्रॅम, पोर्ट किंवा प्रशासक नसतो. ॲपला जोडलेली एक लायब्ररी आणि एक फाइल एवढाच त्याचा पसारा. ‘अंतःस्थापित’ हा शब्द उपकरणात बसवलेल्या संगणकासाठीही वापरला जातो. येथे मात्र प्रोग्रॅमच्या आत बसवलेला असा अर्थ घ्यावयाचा आहे. अँड्रॉइड व आयओएस या दोन्ही प्रणालींत हे काम मुख्यतः एसक्यूलाइट करते, म्हणून पुढील विवेचन तिलाच धरून आहे.

उगम : डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या कामातून एसक्यूलाइटची कल्पना मांडली. तेथील प्रोग्रॅम इन्फॉर्मिक्स या डेटाबेसच्या सर्व्हरवर अवलंबून होता आणि सर्व्हर बंद असला की तोही अडून बसे. सर्व्हरच नको, थेट फाइल वाचू, हा विचार त्यातून आला. पहिली आवृत्ती १७ ऑगस्ट २००० रोजी निघाली. परंतु ती जीडीबीएम या तयार लायब्ररीवर उभी होती. स्वतःची बी-ट्री (नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून वृक्षासारखी विभागलेली) रचना दुसऱ्या आवृत्तीत (२००१), तर आज वापरात असलेले फाइलचे स्वरूप तिसऱ्या आवृत्तीत (२००४) आले. जन्मवर्ष २००० देण्याची रूढी आहे. फोनवरील वापरापुरते २००४ धरणे अधिक सयुक्तिक, कारण आजच्या फोनमधील फाइल त्याच स्वरूपात लिहिली जाते. उच्चाराबाबत एकमत नाही. खुद्द हिप ‘एस-क्यू-एल-आइट’ असा, खनिजाच्या नावासारखा उच्चार करतात. ‘सीक्वलाइट’ही ऐकू येतो. सोर्स कोड सार्वजनिक मालकीचा असल्याने वापरासाठी परवाना घ्यावा लागत नाही.

फाइलची रचना : फाइलचे पहिले १०० बाइट हे शीर्ष. त्यातील आरंभीचे १६ बाइट ओळखखूण म्हणून ठरलेले असतात. त्यापुढील दोन बाइटांत पानाचा, म्हणजे फाइल ज्या समान तुकड्यांत वाचली-लिहिली जाते त्या तुकड्याचा, आकार असतो. हा आकार ५१२ ते ६५,५३६ बाइट यांदरम्यान, दोनच्या घातात असावा लागतो. पूर्वी तो न सांगितल्यास १,०२४ धरला जाई, ३.१२.० (२०१६) पासून ४,०९६ धरतात. ६० व्या स्थानापासूनचे चार बाइट एसक्यूलाइट स्वतः वापरत नाही, ते ॲपसाठी मोकळे सोडले आहेत. या ‘यूझर व्हर्जन’मध्ये ॲपच्या टेबलरचनेचा क्रमांक ठेवतात. अँड्रॉइडमधील ‘ऑनअपग्रेड’ हे जुन्या फाइलची रचना बदलणारे कार्य चालवायचे की नाही, हे याच चार बाइटांवर ठरते.

ट्रान्झॅक्शन व वॉल : एकत्रच पुऱ्या होणाऱ्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या बदलांच्या गटास ट्रान्झॅक्शन म्हणतात. मूळ पद्धतीत बदलणाऱ्या पानाची जुनी प्रत ‘जर्नल’ फाइलमध्ये ठेवून मग मूळ पान बदलले जाते. ३.७.० (२०१०) पासून उपलब्ध असलेल्या वॉल (राइट-अहेड लॉग) पद्धतीत उलट होते : नवे पान ‘-वॉल’ या शेजारच्या फाइलच्या शेवटी जोडले जाते आणि मूळ फाइल तशीच राहते. त्यामुळे एक जण लिहीत असताना इतरांना वाचता येते. लिहिणारा मात्र एका वेळी एकच. ‘-वॉल’ फाइल सुमारे १,००० पानांची झाली की चेकपॉइंट होऊन तिच्यातील पाने मूळ फाइलमध्ये उतरतात. एखादे वाचन उघडेच राहिले (बहुधा बंद न केलेला कर्सर, म्हणजे शोधाचे निकाल ओळीओळीने वाचण्याचे साधन), तर चेकपॉइंट पुरा होत नाही आणि फाइल वाढत जाते.

शेकडो नोंदी एकेक करून घालणे ही वेग मंदावण्याची नेहमीची जागा. स्पष्ट ट्रान्झॅक्शन नसेल तर प्रत्येक नोंद स्वतंत्र ट्रान्झॅक्शन ठरते आणि दर वेळी साठ्यावर सक्तीने लिहावे लागते. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या घातल्या की हा खर्च एकदाच होतो. वॉलसोबत ‘सिंक्रोनस’ हे, साठ्यावर सक्तीने केव्हा लिहायचे ते ठरवणारे, मूल्य ‘नॉर्मल’ ठेवण्याचा प्रघात आहे. त्यात वीज गेल्यास शेवटची काही ट्रान्झॅक्शने हरवू शकतात, पण फाइल बिघडत नाही. हिशेबाच्या ॲपमध्ये ‘फुल’च ठेवावे.

‘डेटाबेस लॉक्ड’ ही त्रुटी बहुधा दोन जोडण्यांनी एकाच वेळी लिहू पाहिल्याने येते. ‘बिझी टाइमआउट’ (वाट पाहण्याची मुदत) वाढवणे हा अर्धाच उपाय. वाचनाने सुरू झालेले ट्रान्झॅक्शन पुढे लेखनाकडे वळते, तेव्हा दरम्यान दुसऱ्याने लिहून टाकले असल्यास वॉलमध्ये थांबून उपयोग नसतो आणि त्रुटी तत्काळ मिळते. लिहायचे आहे हे आधीच ठाऊक असेल, तर ‘बिगिन इमिजिएट’ या, लेखनाचा हक्क आरंभीच घेणाऱ्या, आज्ञेने सुरुवात करावी.

फाइल बिघडण्याची कारणे : एसक्यूलाइटमधील दोषामुळे फाइल बिघडणे दुर्मिळ, बिघाड बहुतेक हाताळणीने होतो. सर्वांत फसवे कारण पॉझिक्स (युनिक्स-जातीच्या प्रणालींचे प्रमाण) कुलुपांच्या, म्हणजे फाइलवर इतरांना मज्जाव करणाऱ्या खुणांच्या, नियमात आहे. त्या नियमानुसार एखाद्या प्रक्रियेने एका फाइलचे कोणतेही एक हँडल (ती उघडल्यावर मिळणारा दुवा) बंद केले, की त्या फाइलवरील तिची सर्व कुलपे सुटतात. म्हणून डेटाबेस उघडा असताना त्याच ॲपने बॅकअपसाठी ती फाइल साध्या वाचनाने उघडून मिटली, तर एसक्यूलाइटच्या नकळत तिची कुलपे जातात. एकाच ॲपमध्ये एसक्यूलाइटच्या दोन प्रती जोडल्या गेल्यास (एक प्रणालीची, दुसरी एखाद्या प्लगइनसोबत आलेली) हाच प्रकार घडतो. दुसरे कारण सोबतच्या फाइलींशी केलेली ढवळाढवळ. अपघातानंतर मागे राहिलेली जर्नल फाइल ‘कचरा’ समजून पुसली, तर अर्धवट बदललेली पाने परत फिरवण्याचा मार्गच संपतो. तपासणीसाठी ‘इंटेग्रिटी चेक’, आणि मोठ्या फाइलीसाठी त्याहून जलद ‘क्विक चेक’ आहे. मात्र क्विक चेक इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टेबलाशी जुळतो का, हे पाहत नाही.

आयओएसमध्ये आणखी एक अडचण येते. सामायिक कंटेनरमधील (एकाहून अधिक ॲपना खुल्या असलेल्या जागेतील) डेटाबेसचे कुलूप हाती असताना ॲप निलंबित झाले, तर प्रणाली ते ०एक्सडेड१०सीसी या संकेतांकाने बंद पाडते. पार्श्वभूमीला जाण्यापूर्वी ट्रान्झॅक्शन संपवणे, हाच उपाय.

टेबलरचनेतील बदल : अद्ययावत ॲप जुन्या फाइलवर चालवायचे असते आणि वापरकर्ता दोन-तीन आवृत्त्या ओलांडून येऊ शकतो, म्हणून १ ते २, २ ते ३ असे टप्पे क्रमाने लिहितात. कॉलम जोडणे सोपे. कॉलमचे नाव बदलणे ३.२५.० (२०१८) पासून आणि काढणे ३.३५.० (२०२१) पासून शक्य झाले. पण प्रणालीसोबत येणारी आवृत्ती मागे असते : अँड्रॉइड ५.० मध्ये ३.८, अँड्रॉइड ११ मध्ये ३.२८, अँड्रॉइड १४ मध्ये ३.३९. निर्मात्यागणिक फरकही आढळतो. ‘अपसर्ट’ (ओळ नसल्यास घालणे, असल्यास बदलणे) ३.२४.० पासूनचे असल्याने अँड्रॉइड १० मध्ये ते वाक्यरचनेची त्रुटी देते. त्याऐवजी ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’ वापरण्याची सवय आहे, ती धोक्याची. ते जुनी ओळ पुसून नवी घालते, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळी कॅस्केडने, म्हणजे तिच्यासोबत आपोआप पुसल्या जाऊन, जाऊ शकतात.

इतर बदलांसाठी टेबल नव्याने बांधावे लागते. नव्या नावाने टेबल तयार करावे, माहिती उतरवावी, जुने टेबल काढावे, मग नव्यास जुने नाव द्यावे. शेवटी इंडेक्स व ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञा) पुन्हा करावेत. हा क्रम उलटू नये. आधी जुन्याचे नाव बदलले, तर इतर टेबलांतील फॉरेन की, म्हणजे या टेबलातील ओळींकडे निर्देश करणारे कॉलम, हेही नव्या नावामागे जातात. फॉरेन कीची अंमलबजावणी चालू असताना टेबल काढले, की आधी त्यातील सर्व ओळी पुसल्या जातात आणि कॅस्केड असेल तर अपत्य टेबलही रिकामे होते. ही अंमलबजावणी ट्रान्झॅक्शनच्या आत बंद करता येत नाही, आणि ‘ऑनअपग्रेड’ ट्रान्झॅक्शनमध्येच चालते. म्हणून ती त्याआधी चालणाऱ्या ‘ऑनकॉन्फिगर’मध्ये सुरू न करता त्यानंतर चालणाऱ्या ‘ऑनओपन’मध्ये करणे श्रेयस्कर. गूगलची २०१७ पासूनची ‘रूम’ लायब्ररी अपेक्षित रचना व प्रत्यक्ष रचना ताडून पाहते. तिचा ‘डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन’ हा पर्याय मात्र टप्पा न सापडल्यास सगळी माहिती पुसतो; सर्व्हरवरून पुन्हा आणता येईल अशाच माहितीसाठी तो वापरावा.

मराठी मजकूर : एसक्यूलाइटचा मूळ क्रम बाइटांवर ठरतो. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये असल्याने ‘वेल, वेळ, वेश’ असा क्रम मिळतो. वर्णमालेनुसार तो ‘वेल, वेश, वेळ’ हवा. ‘क्षमा’ हा शब्द ‘कौल’नंतर, ‘ख’च्या आधी येतो. अँड्रॉइडमध्ये ‘लोकलाइज्ड’ हे क्रमसूत्र देता येते. ते फोनच्या भाषेवर चालते, म्हणून भाषा बदलल्यावर डेटाबेस उघडताना इंडेक्स पुन्हा बांधला जातो. अशी फाइल संगणकावरील साधनात उघडली, तर ते क्रमसूत्र सापडत नसल्याची तक्रार येते. ‘तऱ्हा’सारखा शब्द दोन प्रकारे टंकला जातो : ऱ वापरून किंवा र, हलन्त व शून्य-रुंदी जोडकाने. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात जुळत नाहीत. युनिकोडचे प्रमाणीकरणही हे दोन एक करत नाही; लिहितानाच बदल करून घ्यावा लागतो.

पूर्ण मजकूर शोधाच्या एफटीएस५ या एसक्यूलाइटमधील विभागात याहून मोठा दोष आहे. त्याचा ‘युनिकोड६१’ हा शब्दखंडक (मजकूर शब्दांत तोडणारा भाग) मूळ मांडणीत अक्षरे व अंक एवढेच शब्दाचा भाग मानतो. मात्रा व वेलांट्या विभाजक ठरतात. परिणामी ‘पुणे’ आणि ‘पाणी’ या दोहोंचे ‘प’, ‘ण’ असे तुकडे होतात आणि एकाच्या शोधात दुसरा सापडतो. ३.२५.० पासून ‘कॅटेगरीज’ या पर्यायात ‘एमएन’ व ‘एमसी’ हे चिन्हवर्ग जोडल्यास हे टळते.

आकार, बॅकअप, गुप्तता : अँड्रॉइडमध्ये शोधाचे निकाल सुमारे २ एमबीच्या खिडकीतून येतात. त्याहून मोठी ओळ वाचताच त्रुटी येते, म्हणून छायाचित्रे फाइल म्हणून ठेवून डेटाबेसमध्ये त्यांचा मार्ग ठेवावा. ३.३२.० पूर्वी एका वाक्यात ९९९ पेक्षा अधिक चल बांधता येत नसत. लांब यादी तुकड्यांनी द्यावी. पुसलेल्या नोंदींची जागा ‘व्हॅक्यूम’ करेपर्यंत फाइलमध्येच राहते आणि त्या कृतीस मूळ फाइलच्या दुप्पट मोकळी जागा लागू शकते. चालू डेटाबेसची प्रत ‘व्हॅक्यूम इनटू’ (३.२७.०, २०१९) किंवा बॅकअप एपीआयने घ्यावी. नुसती मुख्य फाइल उचलल्यास ‘-वॉल’मधील अलीकडचे बदल मागे राहतात. कूटबद्धतेसाठी २५६-बिट एईएसवर आधारित एसक्यूलसायफर प्रचलित आहे. किल्ली ॲपच्या कोडमध्ये लिहून ठेवल्यास तिचा उपयोग नाममात्र राहतो.

इतर प्रकार : आयओएसमधील कोअर डेटा (आयफोनवर २००९ पासून) आणि स्विफ्टडेटा (२०२३) यांच्या तळाशी सामान्यतः एसक्यूलाइटच असते. रेल्म ही स्वतंत्र रचनेची, टेबलांऐवजी ऑब्जेक्ट साठवणारी प्रणाली २०१९ मध्ये मोंगोडीबी या कंपनीने घेतली.