प्लेटवर वसाहत उगवली, म्हणजे जनुक बसला?

हवा तो जनुक प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळात, जोडतात, ते जीवाणूंत घालतात आणि अँपिसिलिन हे प्रतिजैविक घातलेल्या प्लेटवर वाढवतात; वाढलेल्या जीवाणूंचा ठिपका म्हणजे वसाहत. ‘अँपिसिलिनच्या प्लेटवर वसाहत आली, म्हणजे आपला जनुक प्लास्मिडमध्ये बसला’ हे वाक्य नोट्समधून वर्षानुवर्षे फिरतंय. पटण्यासारखं आहे, पण अर्धंच खरं.

अँपिसिलिनला तोंड देणारा जनुक प्लास्मिडचा स्वतःचाच असतो. पीयूसी १९ हे प्लास्मिड घ्या, डीएनएच्या २,६८६ बेसजोड्यांचं वर्तुळ. एन्झाइमांनी कापल्यावर ते आपल्या जनुकाचा तुकडा न घेताच पुन्हा जुळलं, तरी जीवाणू वाढणारच. म्हणून तर तुकडा घालायची जागा लॅक-झेड जनुकात ठेवलीय. तुकडा बसला की तो जनुक निकामी होतो. लॅक-झेडच्या एन्झाइमनं निळा रंग देणाऱ्या एक्स-गॅल या पदार्थावर वसाहत पांढरी राहते, रिकाम्या प्लास्मिडची निळी होते.

मोठ्या वसाहतीभोवतीचे बारीक पांढरे ठिपके मात्र उचलू नका. तिथलं अँपिसिलिन शेजारच्या वसाहतीनं संपवलेलं असतं, म्हणून ते प्लास्मिड नसतानाही वाढतात.

खात्रीसाठी पांढऱ्या वसाहतीतून प्लास्मिड काढा, त्याच एन्झाइमांनी कापा आणि जेलवर चालवा, तिथे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात. तुकड्याचा पट्टा अपेक्षित लांबीवर दिसायला हवा.