सगळ्याच टाइल्स रात्रभर भिजवायच्या नसतात

मुंबईत स्वतःच्या हाताने टाइल्स लावायला घेतल्या की शेजारपाजारचा पहिला सल्ला ठरलेला असतो: “रात्रभर पाण्यात भिजत घाला, नाहीतर सुटतील.” सल्ला खोटा नाही, पण तो सिरॅमिकच्या भिंतीच्या टाइल्सचा आहे. त्या भरपूर पाणी पितात. कोरडी टाइल सिमेंटच्या मालातलं पाणी ओढून घेते आणि पकड कच्ची राहते. सिमेंटवर त्या बसवणार असाल तर आजही भिजवाच.

विट्रिफाइड टाइल (काचेसारखी घट्ट भाजलेली) मात्र जेमतेम ०.५ टक्के पाणी शोषते. भिजवून तिच्यात काही शिरत नाही, उलट पाठीवर पाण्याचा थर राहतो. शिवाय तिची पाठ इतकी घट्ट असते की साधं सिमेंट तिला नीट धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला) लागतं आणि त्यासाठी टाइल कोरडी हवी, मग ती सिरॅमिकची का असेना. पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने एकाच दिशेला ओढा. पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबायची सवय फार वाईट: कोपऱ्याखाली पोकळी राहते आणि टाइल तिथेच फुटते. बसवलेली एखादी टाइल लगेच उचलून पाठ सगळीकडे माखली आहे का, ते बघा.

सुरुवात ओट्यामागच्या भिंतीपासून करा. बाथरूमची जमीन नवख्याने घेऊ नये, कारण टाइल्समधल्या फटीत भरलेलं सिमेंटचं ग्राउट पाणी अडवत नाही. खालचं वॉटरप्रूफिंग दुखावलं तर गळती खालच्या घरात उतरते.